रॉ फाइल खरी, हकिकत कुठाय?

गेल्या मार्चमध्ये ठाण्यात हौशी छायाचित्रकारांचं एक छोटंसं प्रदर्शन होतं. साठ-सत्तर फोटो, त्याहून थोडी जास्त माणसं आणि बरा चहा. त्या चहाच्या टेबलापाशी एक भांडण लागलं, ते अजून मिटलेलं नाही. निमित्त एका फोटोचं. ऐरोलीच्या बाजूची खाडी, मागे धुरकट पूल आणि पाण्यावरून एकाच क्षणी उठलेले शेकडो फ्लेमिंगो, जणू कुणी गुलाबी चादर झटकली. एक जण म्हणाला, "हे एआय आहे. एवढे पक्षी असे एकदम उठतात होय?" फोटोवाल्या गृहस्थांचा चेहरा उतरला. त्यांनी तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून रॉ फाइल दाखवली, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली, हात न लावलेली मूळ फाइल. पक्षी तेच, पूल तोच, रंग जरा फिके, एवढंच. आरोप करणारा वरमला, दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या. मी आपलं सहज विचारलं, "पण सगळे एकदम उठले कशाने?" गृहस्थ प्रसन्न हसले. "होडीवाल्याला म्हटलं, इंजिन जरा रेस कर. जरा उडवले, मॅडम."

या उत्तराचं कुणाला काही वाटलं नाही. फोटो खरा ठरला होता, विषय संपला होता.

त्यानंतर आमच्या ओळखीच्या फोटोवाल्यांत दोन तट पडले. एक तट म्हणतो, कॅमेऱ्यातून आलं तेवढंच खरं. आभाळ बदललं, तार पुसली की फोटो बाद. दुसरा म्हणतो, फोटो ही कला आहे, चित्रकाराला कुणी विचारतं का हा निळा कुठून आणलास म्हणून? दोघेही तावातावाने बोलतात आणि दोघेही पिक्सेलबद्दलच बोलतात. माझ्या मते हे साप साप म्हणून भुई धोपटणं आहे. त्या फोटोतला एकही पिक्सेल खोटा नव्हता, तरी तो बघणाऱ्याला खोटंच सांगत होता, की खाडीवर असं घडतं. ते घडवलेलं होतं. ओहोटीत चिखल उघडा पडला की या पक्ष्यांना चरायला मोजके तास मिळतात. त्यातला काही वेळ एका इंजिनाच्या आवाजाने खाल्ला. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. निसर्गाचा, प्रवासाचा किंवा यंत्राचा हौशी फोटो चार लोकांपुढे टांगायचा असेल, तर त्याच्याखाली त्याची हकिकत हवी. कुठे, केव्हा, कसा काढला, काढताना आपण मध्ये काय केलं, नंतर काय काढलं आणि काय घातलं. चार ओळी पुरतात. त्या चार ओळी नसतील, तर तुमच्या रॉ फाइलला मी एआयच्या चित्राहून जास्त मान देणार नाही.

हे टोकाचं वाटेल, पण फोटोच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला हौशी बनाव बघा. १९१७च्या जुलैत इंग्लंडमधल्या कॉटिंग्ले गावात एल्सी राइट ही १६ वर्षांची मुलगी आणि तिची ९ वर्षांची मावसबहीण... मावस की मामे हे मला नेहमी विसरायला होतं, तर तिची बहीण फ्रान्सिस ग्रिफिथ्स, या दोघींनी एल्सीच्या वडिलांचा कॅमेरा मागून घेतला आणि ओढ्याकाठी पऱ्यांचे फोटो काढले. पुढे फोटोतज्ज्ञांनी काचा तपासल्या. हॅरॉल्ड स्नेलिंग नावाच्या जाणकाराने निर्वाळा दिला की निगेटिव्ह अस्सल आहे, दोनदा प्रकाश पाडून केलेली ही चलाखी नव्हे. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल भुलला आणि डिसेंबर १९२०च्या 'स्ट्रँड' मासिकात हे फोटो छापून आले. दोघी बहिणींनी कबुली दिली ती थेट १९८३ मध्ये. पऱ्या कागदावर रंगवून कापलेल्या होत्या, टोपीला लावायच्या पिनांनी गवतात उभ्या केलेल्या. (फ्रान्सिस शेवटपर्यंत म्हणत राहिली की पाचवा फोटो मात्र खरा. असो.) आता गंमत बघा. निगेटिव्हपुरता स्नेलिंग चुकला नव्हता. निगेटिव्ह अस्सलच होती, पिनांवर टोचलेल्या कागदाचा तो अगदी प्रामाणिक फोटो होता. आजच्या भाषेत रॉ फाइल खरी. आणि पहिल्या दिवसापासून संशय कुणाला आला? एल्सीच्या बापाला. तो स्वतः हौशी फोटोग्राफर, घरात डार्करूम. लेकीचा हात चित्रात चालतो हे त्याला माहीत होतं. हा कागदाचा कारभार आहे असं त्याला वाटलं आणि त्याने पुढे कॅमेरा द्यायचं बंद केलं. तज्ज्ञ काच तपासत बसले, बापाला घरची हकिकत ठाऊक होती.

२००९ साली हेच पुन्हा झालं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत, फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या फोटोला पहिला मान मिळाला. जानेवारी २०१० मध्ये तो काढून घेतला गेला, कारण परीक्षकांची खात्री पटली की लांडगा बहुधा माणसाळवलेला, फोटोसाठी भाड्याने मिळणाऱ्यांपैकी होता. फोटोत फेरफार? काहीच नाही. काही जण म्हणतात, आता तंत्रज्ञानच यावर उपाय काढेल. २०२३ मध्ये लायकाने असा कॅमेरा आणला, जो फोटो काढतानाच फाइलवर डिजिटल मोहोर उठवतो: हा फोटो या कॅमेऱ्यातून आला आणि पुढे त्यात हे हे बदल झाले. चांगली गोष्ट आहे, सगळ्या कॅमेऱ्यांत यावी. पण होडीवाल्याला इंजिन रेस करायला सांगितलं होतं, हे ती मोहोर कुठे नोंदवणार? लांडगा पाळीव होता हे सेन्सरला कसं कळणार?

आता विरुद्ध बाजूचं ऐकू. पहिला आक्षेप जुना आणि वजनदार आहे: फोटोनेच बोललं पाहिजे. खाली लिहून समजवावं लागत असेल तर फोटो फसला. मला यातलं अर्धं मान्य आहे, कारण प्रदर्शनांत फोटोंखाली जे लिहिलेलं असतं ते वाचून मलाही वाटतं की लिहिलं नसतं तर बरं. एक तर नुसती नावं: 'सेरेनिटी', 'सॉलिट्यूड', 'पिंक पॅराडाइज'. ठाण्या-डोंबिवलीची मराठी माणसं, पण बगळ्याला सॉलिट्यूडशिवाय उभं करत नाहीत. दुसरी असते श्रमकथा. पहाटे तीनला उठलो, येऊरच्या पायथ्याशी गारठलो, जळवा चावल्या, सहा तास हललो नाही, आणि शेवटी त्याने दर्शन दिलं. या कथेचा नायक पक्षी नसतो, फोटोवाला असतो. मला अशी बखर नको आहे. आपल्याकडे हा फरक शंभर वर्षांपूर्वीच नीट समजावून झाला आहे. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. बखरी रसाळ होत्या, लोकांना पाठ होत्या, पण राजवाड्यांनी मान दिला तो कुणा कारकुनाने तिथी घालून लिहिलेल्या रुक्ष चिठ्ठीला. का? चिठ्ठीत पराक्रम कमी असला तरी पडताळून बघण्यासारखं काहीतरी असतं. फोटोखाली मला अशी चिठ्ठी हवी आहे.

आणि फोटो खरंच स्वतः बोलतो का? माझे मामा वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी एक; ते महामंडळच १९६२ सालचं. आता तिथे काचेच्या इमारती आणि आयटीवाले जास्त, पण मामांच्या काळात गल्लीगल्लीत लेथ, म्हणजे धातू कातायची यंत्रं, होती. मामांकडे एक कृष्णधवल फोटो आहे. खंडेनवमीची पूजा, राजकोट मेकचा नवा लेथ, हेडस्टॉकवर झेंडूचा हार, पुढे नारळ, आणि बाजूला हात बांधून उभे पंचविशीतले मामा. फोटोच्या पाठीमागे बॉलपेनने लिहिलंय, 'नवं मशीन. खंडेनवमी ७९.' गेल्या दिवाळीत मी तो फोटो मोठा करून नेला. घरातले सगळे हार बघत होते, मामांचे कल्ले बघून हसत होते. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि त्यांच्या तोंडून "आईशप्पथ" निघालं. "अगं, ती चावी बघ. चकची चावी चकातच राहिलीये." मला काहीच दिसत नव्हतं. त्यांनी नखाने दाखवलं, टी-आकाराचा एक छोटा दांडा चकमधून बाहेर आलेला. चक म्हणजे कातायचा तुकडा पकडणारा लेथचा जबडा. तो आवळायची ही चावी काम झालं की त्याच क्षणी काढायची असते. उस्तादाच्या हाताखाली पहिल्याच दिवशी शिकवतात ते हे. चावी आत ठेवून कुणी मशीन सुरू केलं तर ती गोळीसारखी सुटते. "फोटोवाला घाई करत होता," मामा म्हणाले. "पूजेचं म्हणून मशीन बंद होतं, नाहीतर माझ्या नाहीतर शेजारच्या पोराच्या कपाळात बसली असती." पंचेचाळीस वर्षं फोटो बोलतच होता की! पण जे सांगत होता ते टर्नरशिवाय कुणाला ऐकू येत नव्हतं. मामांच्या पश्चात तो फक्त झेंडूचा फोटो उरला असता. मी पाठीमागे ती ओळ लिहून घेतली, मामांच्याच शब्दांत.

यंत्रांच्या फोटोंचं असंच असतं. ९ एप्रिल २०१६च्या रात्री हार्बरवर कुर्ल्याहून सीएसटीकडे शेवटची डीसी लोकल धावली. भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ला याच पट्ट्यावर, व्हीटी ते कुर्ला, १५०० व्होल्ट डीसीवर धावली होती. म्हणजे ९१ वर्षांचं एक पर्व जिथे सुरू झालं तिथेच संपलं आणि वरच्या तारेत २५,००० व्होल्ट एसी आलं. त्या रात्रीचा फोटो बघून यातलं काय कळतं? हार घातलेली लोकल आणि मोबाइल उंचावलेली गर्दी. हार तर आपण दसऱ्यालाही घालतो.

दुसरा आक्षेप खरा धारदार आहे, आणि त्याला उडवून लावायची माझी हिंमत नाही. हकिकतही खोटी लिहिता येते. चित्रात बनाव करणाराच खाली चार ओळी लिहिणार, मग त्या ओळींवर विश्वास का ठेवायचा? याचं सगळ्यात नागडं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे, आणि तेही शास्त्रज्ञांच्या दुनियेतलं. रानपिंगळा हा सातपुड्याच्या आसपासचा छोटा घुबडवर्गीय पक्षी. १८८४ नंतर तो कुणाला मिळाला नव्हता. अपवाद फक्त कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाचा. १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीजवळ आपण तो मिळवला, असं त्याच्या नमुन्याच्या चिठ्ठीवर होतं. पुढे निघाले ते असं, की कर्नलसाहेबांनी जेम्स डेव्हिडसन या खानदेशात राहिलेल्या अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात जमवलेला नमुना संग्रहालयातून ढापला, पेंढा काढून नव्याने भरला आणि आपली चिठ्ठी बांधली. पक्षी अस्सल, चिठ्ठी बनावट. या चिठ्ठीमुळे शोधणारे भलत्या दिशेला भटकले. मग पामेला रॅसमुसेन आणि सहकाऱ्यांनी तिच्यावरचा विश्वास सोडून जुन्या खऱ्या नोंदींचा माग धरला आणि २५ नोव्हेंबर १९९७ला शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. तब्बल ११३ वर्षांनी.

यावरून कुणी म्हणेल, बघा, चिठ्ठीनेच घात केला. मी नेमकं उलट म्हणते. कर्नल पकडला गेला तो चिठ्ठीमुळेच. त्याने गाव लिहिलं, तारीख लिहिली, म्हणजे पडताळणीसाठी मान पुढे केली. आत उरलेल्या जुन्या कामाची ढब डेव्हिडसनच्या हातची निघाली आणि चिठ्ठीवरचं कर्नलचं नाव उघडं पडलं. त्याने काहीच लिहिलं नसतं तर? कपाटात एक निनावी पक्षी राहिला असता, ना खरा ना खोटा. खोटं बोलायला आधी काहीतरी बोलावं लागतं, आणि बोललेलं धरता येतं. मुक्या फोटोला धरणार कुठून? शिवाय खोट्या चिठ्ठीवर तोड निघाली तीही दुसऱ्या खऱ्या चिठ्ठ्यांमधूनच. पुढे २०१४ मध्ये हाच रानपिंगळा आपल्या ठाणे जिल्ह्यात, तानसा अभयारण्यात पक्षीनिरीक्षकांना दिसला. साध्या पिंगळ्याशी गल्लत व्हावी इतका तो सारखा दिसतो. तानसा आणि तारीख वजा करून तो फोटो 'द गेझ' नावाने भिंतीवर टांगला असता, तर शंभरातल्या नव्व्याण्णवांनी पिंगळा समजून पुढचा फोटो बघितला असता.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मी पूर्ण शरण आहे. जागा सांगितली की गर्दी होते आणि गर्दीने जीव मरतो. पावसाळ्यात कर्नाळ्याच्या बाजूला तिबोटी खंड्या येतो. चिमणीएवढा पक्षी, पण एवढ्याशा अंगावर निळा, जांभळा, पिवळा, केशरी सगळं. रायगडचा जिल्हा पक्षी आहे तो. मातीच्या दरडीत बीळ करून घरटं करतो, बऱ्याचदा रस्त्यालगत, माणसाच्या हाताशी. पत्ता फुटला की दोन दिवसांत समोर तिवईंची रांग लागते. कुणीतरी बिळासमोर छानशी शेवाळलेली काडी रोवतो, म्हणजे पिल्लांना भरवायला आलेला पक्षी आधी त्या काडीवर बसेल आणि चोचीतल्या पालीसकट स्वच्छ पार्श्वभूमीवर मिळेल. असे फोटो मी इतके पाहिलेत की आता आधी काडीकडेच बघते. तर जागा सांगूच नये. पण न सांगणं आणि लपवणं यात फरक आहे. 'रायगड जिल्हा, जुलै. घरट्याची नेमकी जागा मुद्दाम देत नाही' हीसुद्धा हकिकतच, आणि सभ्य हकिकत. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संकटातल्या जातींची नेमकी जागा आपोआप धूसर केली जाते, पण नोंद राहते. आणि खरं सांगायचं तर 'काडी मी रोवली' ही ओळ लिहायची सक्ती झाली, तर निम्म्या काड्या रोवल्याच जाणार नाहीत. लाज ही फार स्वस्त आणि चांगली चालणारी यंत्रणा आहे.

मग येतो शेवटचा, जरा कुरकुरा आक्षेप: अहो, ही हौस आहे. रविवारी बॅग उचलायची, वाशीच्या पुलापलीकडे जाऊन चार फोटो काढायचे, तिथेही वही-पेन घेऊन बसायचं? आम्ही काय सर्वेक्षणाला निघालोय? मला या माणसाबद्दल सहानुभूती आहे, कारण मीही तीच आहे. पण हौशी या शब्दाची आपण उगाच लाज बाळगतो. बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली १८५३ मध्ये. पुढच्याच वर्षी, १८५४ला, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिथे मंडळी कोण? अधिकारी, व्यापारी, डॉक्टर; भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी त्यातलेच. हौशीच सगळे. हौशी माणसापाशी एक गोष्ट असते जी धंदेवाईकाला परवडत नाही. तो पुन्हा पुन्हा त्याच जागी जातो. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर पक्षी मेल्यावर येतो. सीवूड्सचा निवृत्त माणूस त्याच तळ्यावर दर रविवारी जाऊन आलेला असतो.

नेरूळ-सीवूड्सच्या त्या डीपीएस तळ्याचंच घ्या. खाडीत भरती चढली की चिखल बुडतो, पक्ष्यांना उभं राहायला उथळ जागा उरत नाही आणि ते आतल्या पाणथळींवर येऊन टेकतात. म्हणजे त्या तळ्यातल्या फ्लेमिंगोच्या फोटोवर तारीख आणि वेळ असेल तर भरतीचं कोष्टक काढून तो वाचता येतो: बाहेर पाणी किती, आत किती. २०२४च्या उन्हाळ्यात तिथे फ्लेमिंगो मेले आणि भरतीचं पाणी आत यायची वाट बुजल्याने तळं कोरडं पडल्याचा वाद पेटला. तेव्हा खरा प्रश्न होता: पूर्वी पाणी कुठवर असायचं? याचं उत्तर नवी मुंबईतल्या शेकडो हार्ड डिस्कमध्ये पडलेलं होतं, पण 'पिंक पॅराडाइज १', 'पिंक पॅराडाइज २' अशा नावांनी, तारीख खरवडून, काठावरचा कचरा आणि मागच्या इमारती कापून. व्हॉट्सॲपने पाठवलेल्या फोटोत तर मूळ फाइलची माहितीही उरत नाही. ज्यांनी जुने फोटो तारीख-वेळेसकट जपले होते त्यांच्यापाशी बोलायला काहीतरी होतं. २०२५ मध्ये राज्याच्या वन्यजीव मंडळाने त्या ३० एकर तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. हे एकट्या फोटोंनी झालं असं मी म्हणणार नाही, माणसं वर्षानुवर्षं झगडली. पण ठाणे खाडी २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झाली, तिथेही रामसरचे निकष काय विचारतात? २०,००० पाणपक्षी नियमित येतात का, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येतला १ टक्का इथे असतो का. मोजदाद मागतात. सेरेनिटी मागत नाहीत.

तेव्हा चित्रकारासारखी मोकळीक मागणाऱ्या तटालाही माझी हरकत नाही. आभाळ बदला, चंद्र चिकटवा, हवे तर दोनशे फ्लेमिंगो वाढवा. खाली लिहा: चंद्र चिकटवला आहे. त्यात कलेचं काय बिघडतं? बिघडत असेल तर ती कला त्या चंद्रावर नाही, तो खरा असल्याच्या आपल्या समजुतीवर उभी होती.

एवढं सगळं दुसऱ्यांना सुनावल्यावर आपलं घर झाडणं आलं. पुढच्या प्रदर्शनासाठी मी एक जुना फोटो काढला. उलव्याच्या टेकडीचा. आज तिथे विमानतळ आहे. ८ ऑक्टोबर २०२५ला त्याचं उद्घाटन झालं, त्याच वर्षीच्या नाताळपासून विमानं उडू लागली. टेकडी सपाट झाली, उलवे नदीचं पात्र वळवलं, गावं उठली. सीबीडी बेलापूरला पारसिक हिलवर उभं राहिलं की खाडीपलीकडे एके काळी ती टेकडी दिसायची, हे आता तिथल्या शाळकरी मुलांना सांगावं लागतं. फोटो बरा आहे, हिरवागार, ढग टेकलेले. हकिकत लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. केव्हा? फाइलवर तारीख आहे १ जानेवारी २००८. जानेवारीत एवढं हिरवं? तेव्हा मी कॅमेऱ्याची बॅटरी बरेच दिवस बाहेर ठेवली होती, घड्याळ मूळपदावर गेलं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. पावसाळाभर काढलेले तीनशेच्या वर फोटो असे जानेवारी २००८चे होऊन बसलेत. शेवटी त्याच कार्डावर, चार फोटो मागे, आमच्या नाक्यावरच्या दहीहंडीचा बॅनर सापडला. पुढाऱ्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांखाली साल होतं, २०१४. बॅनरांचा एवढा उपयोग मला आयुष्यात पहिल्यांदा झाला.

मग लिहिलं: 'उलव्याची टेकडी, पारसिक हिलवरून, खाडीपलीकडे. ऑगस्ट २०१४, दहीहंडीच्या आसपास. फाइलवर जानेवारी २००८ आहे, ती माझी चूक. सकाळ की संध्याकाळ, आठवत नाही. उजवीकडचा विजेचा खांब कापून टाकला आहे.' शेवटची ओळ लिहिली आणि तिथेच अडखळले. तो खांब असता तर मी नेमकी कुठे उभी होते ते कुणालाही जाऊन शोधता आलं असतं. टेकडी गेली, नदी वळवली, पण खांब अजून तिथेच आहे. मूळ फाइल उघडली, खांबासकट नवी प्रत केली आणि नौपाड्यात छापायला नेली. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीनवर फोटो मोठा केला, मान वाकडी करून बघितला आणि आपुलकीने म्हणाला, "ताई, उजवीकडे खांब येतोय. काढून देऊ?"